खवळलेला समुद्र आणि नौकेवरील कोरडा संडास



संडासासारखा विषय चारचौघांत काढणे आपल्याकडे शिष्टसंमत मानले जात नाही. परंतु शिडाच्या लहानशा नौकेत काही माणसे महिनोन्महिने राहू लागली, म्हणजे हाच विषय आरोग्याचा, आणि प्रसंगी प्राणांचाही होऊन बसतो. भारतीय नौदलाची ‘तारिणी’ १० सप्टेंबर २०१७ रोजी गोव्याहून निघाली आणि पृथ्वीप्रदक्षिणा करून २१ मे २०१८ रोजी परतली. ती नौका अवघी सुमारे १७ मीटर लांबीची, आणि तिच्यावर सहा महिला अधिकारी होत्या. एवढ्याशा जागेत शौचकूप आणि अंथरूण यांच्यामध्ये एखाद्या फळीचेच अंतर राहते.

नौकेवरील नेहमीच्या शौचपात्रात समुद्राचे पाणी घेऊन ते पुन्हा समुद्रातच सोडतात. त्यासाठी नौकेच्या तळाजवळ भोके पाडावी लागतात. त्यांवरील झडप चुकून उघडी राहिली, तर पाणी नळीतून आत चढते आणि नौका बंदरात उभ्या उभ्याही बुडू शकते. म्हणून काही दर्यावर्दी कोरडा संडास पसंत करतात.

ही कल्पना जुनीच आहे. इंग्लंडमधील फोर्डिंग्टनचे धर्मोपदेशक हेन्री मूल यांनी पटकीच्या साथीत लोकांची दैना पाहिली होती. मैल्यावर कोरडी माती टाकणाऱ्या संडासाचे पेटंट त्यांनी १८६० साली घेतले. आज नौकेवर मातीऐवजी नारळाच्या काथ्याचा भुसा वापरतात. मूत्र वेगळ्या बाटलीत जाते, आणि मैला भुशात पडल्यावर दांडा फिरवून तो कालवतात. भुसा ओलावा शोषतो. हवा खेळती राहिली, तर प्राणवायूवर जगणारे जीवाणू आपले काम करतात आणि दुर्गंधी फारशी येत नाही. ओल वाढली आणि हवा कोंडली, की प्राणवायूविना जगणारे जीवाणू बळावतात, आणि त्यांच्यापासून कुजक्या अंड्यासारखा वास सुटतो.

म्हणून पेटीला एक नळी जोडून ती तुतकावर, म्हणजे नौकेच्या वरच्या तळावर, नेतात. नळीतील लहानसा पंखा हवा सतत बाहेर ढकलतो. त्याला वीज फारच थोडी लागते. पंखा ०.१ अँपिअर घेत असला, तरी २४ तासांत २.४ अँपिअर-तास एवढाच खर्च येतो.

शांत पाण्यात एवढे पुरते. समुद्र खवळला म्हणजे मात्र खरी परीक्षा होते. तळाजवळची भोके टळली, तरी तुतकावर एक भोक नव्याने पडलेले असते. लाट त्यातून आत आली, तर भुशाचा चिखल होतो. यावरचा उपाय ‘दोराद’ नावाच्या शिडाच्या नौकेवरून प्रसिद्ध झाला. ही नौका १९३० साली पाण्यात उतरली आणि १९३१ साली तिने अटलांटिक ओलांडण्याची शर्यत जिंकली. तिच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पेटीत बाहेरचे तोंड एका टोकाला आणि खाली जाणारी नळी दुसऱ्या टोकाला असते. नळीचे तोंड पेटीच्या तळापासून उंच ठेवलेले असते. आत शिरलेले पाणी तळाशीच राहते व बाजूच्या भोकांतून निघून जाते. हवेला मात्र वाट मोकळी राहते. शौचकूपाच्या नळीसाठी बाहेरचे तोंड वाऱ्याकडे पाठ करून ठेवावे.

दुसरी अडचण लवकर ध्यानात येत नाही. वादळात सर्व झडपा लावून घेतल्या, म्हणजे आत नवी हवा येण्यास मार्ग उरत नाही. मग पंखा फिरत राहिला तरी ओढणार काय? उलट, एखाद्या फटीतून वारा खोलीतील हवा बाहेर खेचू लागला, तर नळीतील दुर्गंधी आतच परतते. यासाठी अशीच दुसरी सुरक्षित पेटी हवा आत घेण्याकरिता हवी. तिचे तोंड वाऱ्याकडे असावे.

तिसरी गोष्ट नौका कलण्याची. कलल्यावर मूत्र आपली वाट सोडून भुशात गेले, तर उत्तम पंखाही निरुपयोगी ठरतो. म्हणून वादळापूर्वी बाटली रिकामी करावी, कोरडा भुसा वाढवावा, आणि पुरुषांनीही बसूनच लघवी करण्याचा नियम पाळावा. लाटा थेट तुतकावरून वाहू लागल्या, तर नळीचे तोंड बुचाने बंद करून पंखा थांबवावा आणि पेटीचे झाकण घट्ट लावावे. समुद्र ओसरताच प्रथम तेच बूच काढावे.

एक गैरसमज टाळला पाहिजे. नौकेवर मैला सुकतो, मुरू लागतो, पण त्याचे निर्धोक खत होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार २० ते ३५ अंश सेल्सिअस तापमानात असा मैला वर्षाहून अधिक काळ साठवून ठेवावा लागतो.

एवढी यातायात कशासाठी, असे कोणी विचारील. कोंदट खोलीत समुद्र लागलेल्या माणसाला दुर्गंधी असह्य होते, आणि तो शौचकूप टाळून अंधारात तुतकावरील कठड्याशी जाऊन उभा राहतो. तेथे एका लाटेत तोल गेला, तर त्याला पुन्हा शोधून काढणे दुष्कर असते. त्याने आतच बसावे असे वाटत असेल, तर आतली हवा बसण्याजोगी ठेवणे हे नौकेच्या कप्तानाचेच काम होय.