पेटीशेजारची पुस्तकं

आमचं भजनी मंडळ दर एकादशीला बसतं. टाळ, पखवाज, पेटी, आणि पेटीशेजारी पुस्तकं. सगळ्यांत झिजलेली तुकोबांची गाथा, तिच्या खालोखाल बहिणाबाईंची गाणी. आमचं वाचन म्हणजे एकीनं मोठ्यानं वाचायचं, बाकीच्यांनी वाती वळत ऐकायचं. चालीत बसेल तिथं पेन्सिलीची खूण. (वाचनालयाच्या पुस्तकावर नाही हं!)

गाथा नवी आली तेव्हा आमच्या हातून एक चूक झाली. आमच्या अक्कांना अक्षरओळख नाही, पण आईकडून आलेले कितीतरी अभंग तोंडपाठ. आम्ही पुस्तक उघडून त्यांना मध्येच अडवायचो, "अक्का, यात असं नाहीये." पुढच्या दोन एकादशींना अक्का आल्याच नाहीत.

मग बहिणाबाईंबद्दल वाचलं. त्यांनाही लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात, जात्यावर त्या गात, आणि मुलानं, सोपानदेवांनी, ती गाणी जपली. पुस्तक निघालं १९५२ साली. बहिणाबाई आदल्याच वर्षी गेल्या होत्या. शिवाय गाथेच्या छापील प्रतींतही पाठभेद असतात, हेही तेव्हा कळलं. आम्हाला फार ओशाळल्यासारखं झालं.

वही घेऊन अक्कांच्या ओट्यावर गेलो. आधी त्या बोलेनात. चहा झाला, मग हळूच एक अभंग सुरू केला. आता डाव्या पानावर पुस्तकातला पाठ, उजव्या पानावर अक्कांचा. एकतीस झालेत. अक्का म्हणतात, "अजून पुष्कळ आहेत, लवकर लवकर येत जा गं."