विज्ञानव्रती कमला सोहोनी
(बालमेळाव्यातील व्याख्यान)



ताटात वाटीभर वरण असते, पेल्यात दूध असते. त्यांनी आपले शरीर कसे पोसले जाते, हा प्रश्न कधी मनात आला आहे का? या साध्या प्रश्नासाठी जिने आपले आयुष्य वेचले, त्या एका मराठी शास्त्रज्ञ महिलेची ही कथा आहे.

कमला भागवत यांचा जन्म 1911 साली झाला. वडील नारायणराव आणि काका माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ. दोघेही बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत शिकलेले. विख्यात विदुषी दुर्गाबाई भागवत या कमलाबाईंच्या भगिनी. अशा घरात ज्ञानाची गोडी लागली नसती तरच नवल! 1933 साली कमला मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी. परीक्षेत पहिली आली. वडील-काकांच्याच संस्थेत संशोधन करण्याचे तिने ठरविले आणि तेथे अर्ज केला.

अर्ज नाकारला गेला. कारण एकच : ती मुलगी होती! त्या वेळी संस्थेचे संचालक होते नोबेल पारितोषिक विजेते सर सी. व्ही. रामन. एवढ्या थोर पुरुषाने 'नाही' म्हटल्यावर कोणीही निमूटपणे परतले असते. कमला परतली नाही. ती थेट बंगळूरला गेली, रामन यांच्यासमोर उभी राहिली आणि प्रवेश मिळाल्याशिवाय हलणार नाही, असे तिने नम्रपणे पण ठामपणे सांगितले. तो काळ गांधीजींच्या सत्याग्रहाचा होता. हा एका विद्यार्थिनीचा सत्याग्रह होता.

अखेर प्रवेश मिळाला, परंतु अटींवर. पहिले वर्ष ती नियमित विद्यार्थिनी मानली जाणार नव्हती, मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्रीही काम करावे लागणार होते आणि तिच्यामुळे प्रयोगशाळेतील पुरुषांचे लक्ष विचलित होता कामा नये, अशीही एक अट होती. हा अपमान तिच्या मनाला लागला. पण तिने उत्तर दिले ते कामातून. श्रीनिवासय्या या शिस्तप्रिय गुरूंच्या हाताखाली तिने दूध, डाळी व शेंगा यांतील प्रथिनांचा अभ्यास केला. वर्ष संपताच रामन यांचे समाधान झाले. तिला नियमित प्रवेश मिळाला आणि पुढे येणाऱ्या मुलींसाठीही संस्थेचे दार उघडले. मुलांनो, थोरांचीही चूक होऊ शकते. कमलाने ती चूक सहन केली नाही, पण द्वेषही केला नाही. आणि रामन यांनीही आपले मत बदलले. यात दोघांचाही मोठेपणा आहे.

पुढे केंब्रिजमध्ये बटाट्यावर संशोधन करताना वनस्पतींच्या पेशींतही 'सायटोक्रोम सी' हे प्रथिन असते, असे तिला आढळले. पेशींच्या श्वसनक्रियेत हे प्रथिन महत्त्वाचे कार्य करते. तिचा प्रबंध अवघ्या सुमारे 40 पानांचा होता. परंतु त्याच्या बळावर 1939 साली तिला डॉक्टरेट मिळाली. विज्ञानातील ही पदवी मिळविणाऱ्या पहिल्या भारतीय महिलांमध्ये तिची गणना होते.

परदेशात राहणे सोपे होते, पण त्या मायदेशी परतल्या. दिल्ली व कुन्नूर येथे काम केल्यानंतर 1947 साली श्री. सोहोनी यांच्याशी विवाह होऊन त्या मुंबईस आल्या. येथील विज्ञान संस्थेत त्यांनी जीवरसायनशास्त्र शिकविले आणि पुढे तिचे संचालकपदही भूषविले. गरिबांच्या आहारातील कडधान्ये व ताडाची नीरा यांच्या पोषणमूल्यांवर त्यांनी व त्यांच्या विद्यार्थ्यांनी संशोधन केले. नीरेवरील कार्यासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार लाभला. आरे दुग्धप्रकल्पालाही त्यांनी दुधाच्या दर्जाबाबत मार्गदर्शन केले. उतारवयात ग्राहक चळवळीत सहभागी होऊन, अन्नातील भेसळ घरच्या घरी कशी ओळखावी, हे त्यांनी गृहिणींना समजावून सांगितले. 1998 साली त्यांचे निधन झाले.

बालमित्रांनो, आज घरी गेल्यावर वरणाची वाटी समोर येईल तेव्हा कमलाबाईंची आठवण जरूर ठेवा. आणि माता-पालकहो, उद्या आपल्या घरातील एखादी कन्या 'मला शिकायचे आहे' असे म्हणेल, तेव्हा तिला दारात सत्याग्रह करावा लागू नये, एवढी दक्षता आपण घेऊ या. त्या थोर विदुषीला हीच खरी आदरांजली ठरेल.