विकतचा उपास



उन्हाळ्यातल्या अशा संध्याकाळी तुमच्यापैकी पुष्कळजण वाटेत भेळ खाऊन येथे आले असतील. त्यांच्यापुढे पथ्यपाण्यावर बोलणे हा अपराधच होय. म्हणून पथ्यावर न बोलता पथ्याची थट्टा करणाऱ्या एका कादंबरीवर बोलतो. टी. सी. बॉइल या अमेरिकन लेखकाची ‘द रोड टू वेलव्हिल’ ही कादंबरी १९९३ साली प्रसिद्ध झाली. तिच्यातला काळ १९०७-०८ चा. पण मोबाइलच्या पडद्यावर रोज सकाळी कोणी ना कोणी आपल्याला काय खावे हे सांगत असते, अशा आजच्या दिवसांत ती फारच ताजी वाटते.

कादंबरीचा पडदा उघडतो तो एका व्याख्यानावरच. तेव्हा आपण सर्वांनीच जरा सावरून बसावे! डॉक्टर जॉन हार्वी केलॉग सूक्ष्मदर्शकाखाली एकीकडे उंची मांसाचा तुकडा आणि दुसरीकडे गोठ्यातले शेण ठेवतात, आणि मांसच अधिक गलिच्छ असल्याचे सिद्ध करतात. श्रोते थक्क होतात. मौज अशी की, हे डॉक्टर काल्पनिक नव्हेत. मिशिगन राज्यातील बॅटल क्रीक येथील एक लहानसे आरोग्यगृह त्यांनी १८७६ साली हाती घेतले आणि त्याची जगप्रसिद्ध संस्था केली. तेथे मांस, चहा, कॉफी, तंबाखू सारे वर्ज्य. वर पाण्याचे उपचार, विजेचे उपचार आणि बस्ती. डॉक्टरसाहेबांचा बस्तीवर फार लोभ! आणि एवढ्यासाठी मोठमोठे धनिक आगगाडीने तेथे येत व पैसे मोजून उपाशी राहत. आपल्याकडे एकादशीला पैसा पडत नाही. साबुदाण्याचा पडतो तेवढाच. बॉइलने ही विकतच्या उपासाची गंमत नेमकी हेरली आहे. श्रीमंताला घरी कोणी ‘नको’ म्हणत नाही. तो नकार त्याला येथे मिळतो, आणि त्याची पावतीही मिळते.

या गावात पैसा मात्र उपाशी राहणाऱ्याने मिळविला नाही, पुडा विकणाऱ्याने मिळविला. सी. डब्ल्यू. पोस्ट नावाचा एक गृहस्थ १८९१ साली रोगी म्हणून तेथे आला आणि पुढे १८९५ साली त्याने स्वतःचे धान्याचे पेय बाजारात आणले. कादंबरीचे नाव त्याच्याच एका जाहिरातपुस्तिकेचे आहे. डॉक्टरांचे धाकटे बंधू विल कीथ यांनी १९०६ साली मक्याच्या पोह्यांचा वेगळा कारखाना काढला आणि त्या पोह्यांत चक्क साखर घातली! वडील बंधूंच्या दृष्टीने हा अधर्मच. भाऊ भाऊ वर्षानुवर्षे कोर्टात भांडले. आणि साखर खाणारा व साखर टाळणारा, दोघेही एक्क्याण्णव वर्षे जगले. हेच पोहे १९९४ साली आपल्या तळोज्याच्या कारखान्यात होऊ लागले, तेव्हा आपल्या लोकांनी ते गरम दुधात टाकून त्यांचा लगदा केला. मक्याच्या पोह्यांचा चिवडा मात्र आपण त्यांना शिकवायला हवा होता.

पण नुसते हसून भागत नाही. या कादंबरीत विल लाइटबॉडी नावाचा एक बिचारा नवरा आहे. पोट बिघडले म्हणून बायको त्याला येथे घेऊन आली आहे. कधी थोड्या थोड्या वेळाने दूधच दूध, कधी नुसती द्राक्षे, असे त्याचे हाल चालतात. पोट बिघडले कशाने? त्याची दारू सुटावी म्हणून बायकोने जाहिरातीतले एक औषध चोरून त्याच्या कॉफीत घातले. त्या औषधात अफू होती! दारू राहिली बाजूला, अफूचे व्यसन मात्र जडले. बायको दुष्ट नाही. तिने छापील शब्दावर विश्वास ठेवला, एवढेच. माझ्या मते साऱ्या पुस्तकातला सर्वांत खरा भाग हा. दुर्दैवाने बॉइलला आपल्या पात्रांची कीव करायला फारशी सवड नाही. त्याचा हशा कित्येकदा निर्दय वाटतो.

आजच्या बाजाराचे एक उदाहरण सांगतो. बेल गिब्सन या ऑस्ट्रेलियन तरुणीने समाजमाध्यमांवर जाहीर केले की, आपल्याला मेंदूचा कर्करोग आहे आणि योग्य आहाराने आपण त्याच्याशी झुंजत आहोत. २०१३ साली तिचे पाककृतींचे अ‍ॅप निघाले, मागोमाग पुस्तक आले. कीर्ती आली, पैसा आला. २०१५ साली तिनेच कबूल केले की, कर्करोग मुळी नव्हताच. २०१७ साली न्यायालयाने तिला चार लाख दहा हजार ऑस्ट्रेलियन डॉलरांचा दंड केला. डॉक्टर केलॉग निदान शिकलेले शल्यचिकित्सक होते. आणि लोकांना जे खा म्हणत, तेच स्वतःही खात. येथे तर आजारच बनावट! पण तिचे वाचक, त्यांपैकी ज्यांना खरोखरच कर्करोग होता, त्यांचे दुखणे बनावट नव्हते. त्यांच्यावर अशी हलकीफुलकी कादंबरी कोणी लिहावयाची म्हटली, तर हशा कोठे थांबवावा हे लेखकाला ठाऊक असले पाहिजे.

या कादंबरीवर १९९४ साली चित्रपटही निघाला. अँथनी हॉपकिन्स त्यात डॉक्टर झाले आहेत. ज्यांना सवड असेल त्यांनी आधी पुस्तक वाचावे. मात्र बस्तीची पाने जेवणाआधी उघडू नयेत.