आधी सावली, मग रोप

कामं आटोपली असतील तर दोन घटका बसा; नसतील तर हात चालू ठेवून ऐका. आज आम्ही बोलणार आहोत मोरीमागच्या केळीबद्दल.

आम्ही बचत गटातल्या अकरा जणी. तीन वर्षांपूर्वी ठरवलं, प्रत्येकीच्या घरामागे केळी, अळू, हळद लावायची, कोकणातल्या परसासारखं हिरवंगार करायचं. चैत्रात शेतकाम कमी असतं, म्हणून तेव्हाच गटाच्या पैशातून रोपं आणली. रोज संध्याकाळी हंडाभर पाणी घातलं. आपल्या यवतमाळचं मे महिन्याचं ऊन तुम्हाला काय सांगावं! पंधरा दिवसांत अळू लोळला, केळीची पानं करपली. एकीच्या सासूबाई म्हणाल्या, "प्यायले पानी नाही अन् यायले केयी पायजे!" बोल लागला, कारण ते पाणी आम्हीच डोक्यावरून आणलं होतं.

मग गटातल्या एका आजीनं चूक दाखवली. त्यांचं माहेर अंजनगाव सुर्जीकडचं. अमरावती जिल्ह्यातल्या त्या भागात आणि अकोल्याच्या अकोटकडे बारी समाजाचे लोक पिढ्यान्‌पिढ्या पानमळे करत आले. पानवेल तर दमट, पावसाळी मुलुखातली, आणि तिथलं ऊन आपल्यासारखंच. तरी वेल जगते, कारण ते आधी शेवरी, पांगरा, हादगा अशी झाडं लावतात. त्यांची सावली झाली की त्यांच्याच आधारानं वेल चढवतात. पानपिंपळीही तशीच सावलीत घेतात. आजी म्हणाल्या, "मळ्यात पाय टाकला की अंगाला गारवा लागे. तुम्ही तर लेकराले उघड्यावर झोपवलं."

रोप नुसतं तहानेनं मरत नाही. गरम वारा लागला की पान आपल्यातलं पाणी झपाट्यानं सोडतं आणि मुळांना तितक्या वेगानं ते ओढता येत नाही. म्हणून बुडाशी ओल असूनही पान करपतं. झाडांची दाटी असली की वारा अडतो आणि पानांतून निघालेली ओल जवळपासच राहते. इंग्लंडसारख्या थंड देशात हौशी लोक केळी लावतात, तेव्हा हिवाळ्यात तिच्या खोडाला पेंढा गुंडाळतात. तिथं थंडी अडवायची, इथं झळ अडवायची. युक्ती एकच.

दुसऱ्या वर्षी आम्ही उलट्या क्रमानं गेलो. उन्हाळ्यात एकही रोप घेतलं नाही. मोरीच्या पश्चिमेला तुराट्यांचा पुरुषभर उंच ताटवा बांधला. पऱ्हाट्या वापरल्या नाहीत, कारण त्यात गुलाबी बोंडअळी दडून राहते. मृगाचा पाऊस पडल्यावर ताटव्याच्या आत शेवगा, हादगा आणि शेवरी लावली. ती हातभर वर आल्यावर मधोमध शेणखताच्या खड्ड्यात केळीचा कंद, त्याच्या बाजूनं हळद आणि ओल जास्त राहते तिथं अळू. पाऊस उघडल्यावर सोयाबीनचं कुटार चार बोटं जाड अंथरलं. कुटार खोडाला टेकवू नका, वाळवी लागते.

पाणी मोरीचंच, पण थेट नाही. आधी गोटे आणि वाळू भरलेल्या खड्ड्यातून जाऊ द्यायचं. कपड्यांच्या सोड्याचं पाणी वेगळं काढायचं, त्यानं माती बिघडते. आणि पाणी कुठंही साचू द्यायचं नाही. आठवडाभर साचलं तरी त्यात डास तयार होतात.

पुढच्या उन्हाळ्यात अकरांपैकी सात जणींच्या केळी जगल्या. चौघींच्या गेल्या; त्यांच्या घरी मोरीलाच पाणी नव्हतं. तिथं आम्ही केळीचा हट्ट सोडला, शेवगा आणि हादगा ठेवला. ज्यांच्याकडे पाणी कमी, त्यांनी तसंच करावं. पिण्याच्या हंड्यातलं पाणी बागेला घालू नये, हे आम्ही गटाच्या वहीतच लिहून ठेवलं.

बाजारात भाजी महाग होती, तेव्हा त्या सात घरांत अळूचं फतफतं शिजत होतं. चिंच घालून नीट शिजवलं म्हणजे घशाला खाजत नाही. एका घरी सून गरोदर होती. डॉक्टरबाईंनी हिरव्या पालेभाज्या खायला सांगितल्या होत्या. तिच्या सासूबाई रोज स्वतः पानं खुडायला जात. त्याच त्या, केयीवरून बोलणाऱ्या!

तेव्हा मैत्रिणींनो, या उन्हाळ्यात रोपांवर पैसा घालू नका. तुमच्या मोरीमागे दुपारी तीन वाजता उभ्या राहा. झळ कुठून येते ते चेहऱ्याला कळेल. ताटवा त्याच बाजूला बांधा. बाकीचं मृग पडल्यावर.