नदीपलीकडचा शिक्का



जत्रेतला पाळणा आपण सर्वांनी पाहिलेला आहे. एका तिकिटात ठरावीक फेऱ्या. त्या संपल्या की पाळणेवाला पोरांना खाली उतरवतो. त्यातले एखादे पोर मोठे हुशार असते. ते खाली उतरते, जमिनीला पाय लागले न लागले असे करते, आणि दुसरे तिकीट दाखवून पुन्हा आपल्या जागेवर जाऊन बसते. पाळणेवाल्याचीही हरकत नसते. त्याचा नियम एवढाच की, एकदा खाली उतरले पाहिजे.

आज ज्या गोष्टीविषयी मी बोलणार आहे ती पुष्कळशी अशीच आहे. फरक इतकाच की, येथे खाली उतरायचे म्हणजे एका देशाची हद्द ओलांडून दुसऱ्या देशात पाऊल ठेवायचे, आणि तेच पाऊल मागे घेऊन परत यायचे. परदेशात राहण्याची मुदत संपत आली की, माणसे मोटारीने, आगगाडीने, होडीने, कधी पायीसुद्धा जवळच्या सरहद्दीवर जातात, पलीकडचा शिक्का घेतात, आणि परत येताना नव्या मुदतीचा शिक्का मिळवतात. हा प्रकार जगात अनेक ठिकाणी चालतो. पण त्याचे माहेरघर म्हणावे असा देश थायलंड. परदेशी लोक याला ‘व्हिसा रन’ म्हणतात. आपण वारी म्हणू या. पंढरीच्या वारीशी मात्र तिचा काही संबंध नाही बरे का.

शिक्षक बंधुभगिनींनी शाळेतला आशियाचा नकाशा जरा समोर घ्यावा. थायलंडच्या पश्चिमेला आणि उत्तरेला ब्रह्मदेश, म्हणजे आजचा म्यानमार, ईशान्येला व पूर्वेला लाओस, आग्नेयेला कंबोडिया, आणि खाली दक्षिणेला मलेशिया. चारी बाजूंना शेजारी असल्यामुळे वारीला वाटा पुष्कळ. अगदी उत्तरेच्या टोकाला मै साई नावाचे गाव आहे. तेथे एक अरुंद नदी आणि तिच्यावर लहानसा पूल. पलीकडे ब्रह्मदेशातले ताचिलेक. पूर्वी तेथे ब्रह्मी कचेरीत पासपोर्ट ठेवून द्यायचा, बाजारात चक्कर मारायची, आणि पासपोर्ट उचलून परतायचे. दक्षिणेत रानोंगहून होडीत बसून खाडीपलीकडच्या कौथाँगला जात. मलेशियाच्या वाटेवर पादांग बेसार हे स्टेशन तर मोठे गमतीचे. तेथे दोन्ही देशांच्या तपासणी-कचेऱ्या एकाच स्टेशनात आहेत. काही पावलांत माणूस एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जातो. कंबोडियाकडची वाट अरण्यप्रथेत या गावावरून पॉयपेटला. बँकॉकला जवळची म्हणून तेथे वारकऱ्यांच्या गाड्याच्या गाड्या येत. २०२५ मध्ये दोन्ही देशांत सीमेवरून तंटा झाला, जूनमध्ये ती वाट बंद झाली, आणि जुलैत तोफा धडाडल्या. सरहद्द म्हणजे काही बाजाराचा रस्ता नव्हे, हे अशा वेळी कळते.

आता कोणी विचारील, कचेरीत जाऊन मुदत वाढवून का घेत नाहीत? तर तीही सोय आहे. १९०० बाट भरले की साधारणपणे तीस दिवस वाढवून मिळतात, पण एकदाच. पुढे काय? मुदत उलटूनही राहिले तर दिवसाला ५०० बाट दंड, जास्तीत जास्त २०,००० पर्यंत. आणि नव्वद दिवसांहून अधिक राहिले, तर मार्च २०१६ पासून ठरावीक वर्षे देशात पाऊल ठेवायला बंदी. म्हणून सरहद्दीची वाट. हद्दीबाहेर गेल्याबरोबर जुनी परवानगी मरते, आत आल्याबरोबर नवी जन्माला येते. सगळी मेख या एका गोष्टीत आहे.

सरकारला हे दिसत नव्हते असे नाही. पर्यटकांच्या पैशांवर जगणारी पुष्कळ गावे त्या देशात आहेत, म्हणून दार बंद करवत नाही; आणि दार उघडे ठेवावे तर पर्यटकाच्या नावावर आत येऊन नोकरी करणारेही येतात. त्यामुळे एकदा दोर सैल, एकदा ताण. २००६ च्या ऑक्टोबरात नियम झाला की, विनाव्हिसा येणाऱ्याने सहा महिन्यांत नव्वदच दिवस राहावे. २००८ च्या अखेरीस तो गेला आणि रस्त्याने येणाऱ्याला तीसाऐवजी पंधराच दिवस मिळू लागले. २०१४ मध्ये वारकऱ्यांना नाक्यावरून परत पाठवण्याची मोहीम झाली. २०१६ च्या शेवटच्या दिवसापासून रस्त्याने विनाव्हिसा प्रवेश वर्षातून दोनच वेळा असे ठरले. प्रत्येक नियमाबरोबर वारकऱ्यांनी नवी वाट शोधली, आणि प्रत्येक वाटेबरोबर सरकारने नवा नियम.

हे सगळे पुस्तकात वाचून मी सांगत असतो, तर एवढे मनाला लावून घेतले नसते. आमच्या कॉलेजातला एक विद्यार्थी. शेतकऱ्याचा मुलगा, गणितात चांगला, इंग्रजीही बरे. २०१८ च्या नोव्हेंबरात तो थायलंडमधील एका शाळेत शिकवायला गेला. एका दलालाने जमवून दिले होते. दलालाच्या हातावर वडिलांनी बैलजोडीची किंमत ठेवली होती. शिफारसपत्र माझे. कॉलेजच्या स्नेहसंमेलनात त्याचे नाव घेऊन मी चार मुलांना सांगितलेही, “बघा, आपल्या गावचा मुलगा परदेशात मास्तर झाला.” तो कोणत्या परवानगीवर गेला आहे, हे मात्र मी विचारले नाही. भूगोल शिकवणाऱ्या माणसाला सरहद्दीचा विसर पडावा, याला काय म्हणावे?

पुढच्या वर्षी, २०१९ च्या दिवाळीच्या सुटीत, एका चर्चासत्रासाठी मला खोन केनला जाण्याचा योग आला. त्याचे गाव तेथून जवळ. मला भेटायला आला तेव्हा म्हणाला, “सर, दोन दिवस मोकळे असाल तर नोंग खायपर्यंत सोबत चला. मला विएन्तियानला जायचंय.”

मी म्हटले, “शाळेला सुटी आहे का रे?”

“नाही सर. ताप आलाय असं सांगितलंय.”

आगगाडीत हळूहळू सगळे बाहेर आले. तो मुंबईहून पर्यटकाचा व्हिसा घेऊन आला होता. साठ दिवस, वर तीस वाढवून घेतलेले. शाळा म्हणत होती, कागद पुढच्या महिन्यात करू. तो पुढचा महिना वर्षभर आलाच नव्हता. दर तीन महिन्यांनी लाओसची राजधानी गाठायची, तेथल्या थाई वकिलातीत पुन्हा पर्यटकाचा व्हिसा मागायचा, आणि पर्यटक म्हणून परत येऊन फळ्यासमोर उभे राहायचे. तीन वाऱ्या झाल्या होत्या, ही चौथी. त्याच्या वर्गात एक गोरा शिक्षक होता. त्याच्या पासपोर्टाला व्हिसा लागत नसे; पुलावरून गेला, शिक्का मारला, संध्याकाळी घरी. आपल्या पासपोर्टाला तेव्हा ती सवलत नव्हती. त्याला अर्ज करायचा, रात्र काढायची, दुसऱ्या दुपारी पासपोर्ट घ्यायचा. छत्तीस पानांच्या त्या पुस्तकात दर वारीला लाओसच्या चिकटपट्टीने एक पान जाई आणि थायलंडच्या चिकटपट्टीने दुसरे.

नोंग खाय हे मेकाँगच्या काठचे गाव. नदी केवढी! पावसाळा सरला होता, तरी पाणी भरून वाहत होते. तिच्यावर थायलंड-लाओस मैत्रीपूल आहे. ऑस्ट्रेलियाच्या पैशाने बांधलेला, एप्रिल १९९४ मध्ये खुला झालेला, ११७० मीटर लांब. मधोमध आगगाडीचा रूळ आहे. थायलंडात वाहने आपल्यासारखी डाव्या बाजूने चालतात, लाओसात उजव्या. म्हणून पुलाच्या पलीकडच्या टोकाला सगळ्या गाड्या बाजू बदलून घेतात. मला ते पाहायची फार इच्छा. मी त्याच्याबरोबर बसकडे निघालो, तर तो म्हणाला, “सर, तुम्ही येऊ नका.”

“का रे?”

“तुम्हांला विमानतळावर पंधरा दिवसांची परवानगी मिळालीय ना? ती एकाच प्रवेशाची. पुलापलीकडे गेलात की ती मेली. परत कसे याल?”

परतीचा परवाना म्हणून एक कागद असतो. तो आधी काढून ठेवला तर जुनी मुदत जिवंत राहते. पण त्याचे मला काय ठाऊक! विद्यार्थ्याने मास्तरांना धडा दिला आणि तो बसमध्ये चढला.

दोन दिवस मी अलीकडेच राहिलो. गावाबाहेर साला केओकू नावाची एक बाग आहे. बुन्लुआ सुलीलात या माणसाने तेथे सिमेंटच्या प्रचंड मूर्ती उभारल्या आहेत. बुद्ध आहे, शिव आहे, विष्णू आहे, आणि फणा उभारलेला नाग तर झाडांच्या वर गेलेला. एरव्ही मी तेथे दिवस काढला असता. पण माझे लक्ष घड्याळाकडे.

दुसऱ्या दिवशी सायंकाळी तो आला. व्हिसा मिळाला होता. मी म्हटले, “चला, सुटलो.” त्याने काही न बोलता पासपोर्ट उघडून माझ्यापुढे धरला. शेजारी तांबड्या शाईचा एक शिक्का होता. यापूर्वी अनेक वेळा पर्यटक व्हिसा घेतलेला असल्यामुळे पुढचा अर्ज नाकारला जाऊ शकेल, अशा अर्थाचा. आमच्या गणिताच्या वहीवर आम्ही तांबडी शाई वापरतो, तशीच ती होती.

नदीकाठच्या कट्ट्यावर आम्ही बराच वेळ बसलो. तो म्हणाला, “सर, वर्गात पोरं मला वाकून नमस्कार करतात. आणि वर्गाबाहेर खाकी गणवेश दिसला की मी वाट बदलतो. घरी काय सांगू?”

कामाच्या परवान्याशिवाय नोकरी केली तर तेथल्या कायद्याने पाच हजारांपासून पन्नास हजार बाटपर्यंत दंड आणि मायदेशी रवानगी. तेथे नोकरी करायची तर धंद्या-नोकरीचा वेगळा व्हिसा लागतो, आणि त्यासाठी मालकाने कागद द्यावे लागतात. मी त्याला म्हटले, शाळेला एक तारीख दे. त्या तारखेला कागद आले नाहीत तर मुदत संपायच्या आत घरी ये. दादांशी मी बोलतो.

कागद आले नाहीत. जानेवारी २०२० मध्ये तो परत आला. मार्चमध्ये करोनामुळे सगळ्या सरहद्दी बंद झाल्या. जे तेथेच अडकले त्यांच्या मुदती थायलंड सरकारने सप्टेंबरपर्यंत माफ केल्या. ही गोष्टही सांगायला हवी. त्याच्या वडिलांकडे मी गेलो तेव्हा ते एवढेच म्हणाले, “सर, तुमची सही बघून मी पैसं दिलं होतं.” त्यावर मला बोलता आले नाही.

त्यानंतर नियम पुन्हा सैल झाले. नोव्हेंबर २०२३ मध्ये थायलंडने भारतीयांना तीस दिवस विनाव्हिसा राहू दिले. जुलै २०२४ मध्ये ते साठ केले. सहलीला जाणाऱ्यांची सोय झाली. पण दलालांचीही झाली. “व्हिसा लागत नाही, नुसते विमानात बसा” असे सांगून नेलेली कित्येक भारतीय मुले मै सॉत गावाहून मोई नदीपलीकडे, ब्रह्मदेशातल्या फसवणुकीच्या अड्ड्यांवर पोहोचली. मार्च २०२५ मध्ये आपल्या हवाई दलाची विमाने मै सॉतला गेली आणि दोन दिवसांत ५४९ जणांना घेऊन आली. त्यांनाही कोणीतरी नदी ओलांडायला लावलेच होते.

आमचा तो विद्यार्थी आता तालुक्याला शिकवणी घेतो. फोनवर कोणा दलालाचा निरोप घेऊन एखादा मुलगा माझ्याकडे आला, की मी त्याला बोलावून घेतो. तो येतो, पिशवीतून जुना पासपोर्ट काढतो, आणि मुलाच्या हातात देऊन म्हणतो, “सगळी पानं चाळ. तांबडं कुठं दिसतं ते बघ.” मग मुलगा विचारतो, “सर, नोकरीचा व्हिसा कोणता असतो?” आणि आम्ही दोघे टेबलावर नकाशा पसरतो.