बोटीच्या मागच्या भिंतीतली भोकं

मोटरबोटीच्या दुरुस्तीतलं एक काम असं आहे, की ते तासाभराचं समजून उरकलं जातं. म्हणूनच आज त्यावर बोलायचं आहे.

मालवण-तारकर्लीला पर्यटकांना फिरवणाऱ्या बोटींचं इंजिन बहुधा मागे बाहेर लटकलेलं दिसतं. स्टर्नड्राइव्हची रचना वेगळी. तिचं इंजिन बोटीच्या पोटात, मागच्या भिंतीला लागून बसतं. गिअर आणि पंखा असलेली लेग तेवढी भिंतीबाहेर, पाण्यात. स्वीडनच्या व्होल्वो पेंटा कंपनीने १९५९ साली ‘अ‍ॅक्वामॅटिक’ नावाने ही रचना बाजारात आणली आणि ती जगभर रुळली.

इंजिन आत म्हटल्यावर धुराला बाहेर पडायला वाट हवी. इंजिनातून फिरून आलेलं पाणी धुरात सोडून तो थंड करतात. हे पाणी आणि धूर बहुतेक बोटींत लेगमधून खाली जाऊन पंख्याच्या मधल्या पोकळीतून पाण्याखाली बाहेर पडतात. काही बोटींना याशिवाय मागच्या भिंतीत डावी-उजवीकडे तीन-चार इंची भोकं असतात. तिथून धूर सोडला की इंजिन दणदणीत वाजतं. हौशी मालकांना ते आवडतंही. पुढे कधी इंजिन बदलतं, कधी आवाजाच्या तक्रारी येतात, आणि ही भोकं बिनकामाची होतात.

बिनकामाची झाली म्हणून ती निरुपद्रवी होत नाहीत. बोट उभी असताना ती कोरडी दिसतात. पण मागच्या बाकावर चार माणसं बसली, किंवा भरधाव बोटीचा वेग एकदम कमी करताच मागची लाट येऊन धडकली, की ती पाण्याखाली जातात. आतून पाइप काढून टाकलेलं चार इंची भोक अर्धा फूट पाण्याखाली गेलं, तर मिनिटाला साधारण ५०० लिटर पाणी आत येतं. लहान बोटीतला ताशी ५०० गॅलनचा बिल्ज पंप पूर्ण ताकदीने चालला तरी मिनिटाला तीसेक लिटरच उपसतो. रबरी बूच ठोकून वर सिलिकॉन चोपडणाऱ्या प्रत्येकाने हे दोन आकडे एकदा शेजारी मांडून पाहावेत. बूच जेट्टीपर्यंत पोहोचायला ठीक आहे, हंगामभरासाठी नाही.

भोकं कायमची बुजवायच्या कामाला सुरुवात आतून करायची. लेगमधून धूर बाहेर जायची वाट खरंच आहे ना, हे आधी तपासा. जास्त ताकदीच्या काही बोटींचा सगळा धूर भिंतीतल्या भोकांतूनच जातो. तिथे ती बुजवली तर इंजिनच घुसमटेल. वाट असेल, तर भोकांकडे जाणारा पाइपचा फाटा काढून बिनफाट्याचा पाइप बसवावा, असं माझं ठाम मत आहे. फाटा ठेवून त्याच्या तोंडाला टोपण लावणं सोपं पडतं. पण त्या बंद तोंडाशी खारं पाणी साचतं, क्लॅम्प गंजतात, आणि एखाद्या दिवशी थंड पाणी यायचं थांबलं तर तापलेलं टोपण सैल होतं. मग पेट्रोल इंजिनाचा कार्बन मोनॉक्साइड बोटीच्या आतच पसरतो. त्याला ना रंग, ना वास. बसलेल्या माणसांना कळायच्या आत तो घात करतो.

आता भिंतीकडे वळू. फायबरच्या दोन थरांमध्ये पुष्कळदा प्लायवूड असतं, आणि खरी गोम तिथे असते. भोकावरची चकती काढल्यावर कडेचं लाकूड नीट पाहा. बारीक ड्रिल मारून भुसा बोटांत चुरडा. फिकट आणि कोरडा निघाला तर उत्तम. काळपट, ओलसर, कुबट वासाचा निघाला तर लाकूड कुजलंय. वरून कितीही सुबक काम केलं तरी कूज आत पसरत राहते, आणि याच भिंतीवर लेगचा सगळा जोर येतो. तेवढा भाग काढून नवं मरीन प्लायवूड इपॉक्सीत बसवल्याशिवाय पुढे जाऊ नये.

लाकूड भक्कम असेल, तर भोकाभोवतीचं फायबर बशीसारखं उतरतं घासून घ्यायचं. उतार जाडीच्या बारापट हवा. सहा मिलिमीटर जाडीला चहूबाजूंनी बहात्तर. घासण्याआधी मेण आणि तेलकटपणा पुसून काढायचा, नाहीतर तो घासताना आतच रुततो. मग मेण लावलेला सनमायकाचा तुकडा टेकू म्हणून बाहेरून दाबून धरायचा आणि आतून वेगवेगळ्या मापांचे काचकापडाचे तुकडे इपॉक्सीत भिजवून थरावर थर द्यायचे. साध्या पॉलिएस्टर रेझिनपेक्षा इपॉक्सी जुन्या फायबरला जास्त घट्ट धरतं.

आपल्याकडे ही कामं पावसाळ्यात, बोटी वर ओढल्यावर निघतात, आणि नेमकी तेव्हाच हवा दमट असते. दमट हवेत इपॉक्सीवर मेणचट साय धरते. पुढचा थर किंवा रंग देण्याआधी ती साध्या पाण्याने धुवा, वाळवा आणि मगच घासा.

बोट पाण्यात उतरवल्यावर लगेच फेरी मारू नका. दोघातिघांना मागे उभं करा, आतून टिश्यू पेपर जोडावर फिरवा आणि तो ओला होतो का ते टॉर्चच्या उजेडात बघा. नंतर इंजिन सुरू करून पाइपच्या प्रत्येक क्लॅम्पवरही तसाच फिरवा.