छापील शब्द, पडद्यावरचे चित्र आणि बाईची मजुरी

(लोटे येथील प्रबोधन सभेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



प्रसारमाध्यमांचा समाजमनावरील प्रभाव आणि स्त्री-पुरुषांच्या वेतनातील विषमता असे दोन विषय आजच्या सभेसाठी सुचविण्यात आले होते. वरवर पाहता हे दोन विषय वेगळे वाटतात. आमच्या मते तो एकच विषय आहे. मजुरीचा दर हजेरीपटावर लिहिला जाण्यापूर्वी तो माणसांच्या मनात ठरलेला असतो, आणि मनात काय ठरावे हे आज फार मोठ्या प्रमाणात वर्तमानपत्र, दूरचित्रवाणी आणि हातातला मोबाईल ठरवीत असतो. म्हणून या दोहोंचा विचार एकत्रच करावयास हवा.

प्रथम आपल्या अंगणात पाहू. खेड, चिपळूण, दापोली, गुहागर, कोणत्याही तालुक्यातील गावात पावसाळ्यात जाऊन विचारा. गड्याची मजुरी एक आणि बाईची मजुरी दुसरी, असेच बहुधा ऐकू येईल. नांगर धरणे, चिखल करणे हे गड्याचे भारी काम. दिवसभर पावसात, पाण्यात उभे राहून कंबरेत वाकून लावणी करणे हे बाईचे हलके काम! चिऱ्याच्या खाणीवर चिरा काढणारा तो कारागीर. तोच जांभा चिरा डोक्यावरून वाहणारी ती मदतीची बाई. काजूच्या कारखान्यात गर अखंड निघाला तर भाव जास्त आणि तुकडा झाला तर कमी. म्हणजे मालाची किंमत बाईच्या बोटांतील कसबावर अवलंबून. तरीही ते काम 'बसून करायचे' म्हणून त्याला कसब म्हणावयाचे नाही.

आपल्या लोटे-परशुराम औद्योगिक वसाहतीकडे पाहा. एखाद्या कारखान्याचे नाव घेण्याचे कारण नाही. ही रीत देशातील बहुतेक औद्योगिक वसाहतींत आढळते. कायम नोकरीत, यंत्रावर, प्रयोगशाळेत पुरुष अधिक. आणि ठेकेदाराच्या हजेरीपटावर झाडलोट, बागकाम, कँटीन, पॅकिंग यांत भगिनी अधिक. सरकारने ठरविलेले किमान वेतनाचे दर कुशल, अर्धकुशल आणि अकुशल अशा वर्गवारीने असतात, स्त्री-पुरुष अशा वर्गवारीने नसतात. पण बाईला जन्मभर 'अकुशल' याच रकान्यात ठेवले की, कायद्याचा शब्द न मोडताही तिचा पगार कमी ठेवता येतो.

ही युक्ती आपल्या समाजाला नवी नाही. मुंबईच्या कापड गिरण्यांत विणाई खात्यात पगार जास्त होता. धागा तुटला की तोंडाने ओला करून जोडावा लागे, म्हणून विटाळाचे कारण सांगून अस्पृश्य कामगारांना त्या खात्याचे दार बंद ठेवण्यात आले होते. त्यांना कमी पगार देतो असे कोणी म्हणत नव्हते. फक्त जास्त पगाराच्या खात्यात त्यांना प्रवेश नव्हता. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी नेमका हाच प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर उभा केला. आज आपल्या भगिनींच्या बाबतीत विटाळाच्या जागी 'झेपणार नाही', 'रात्रपाळी बाईमाणसाची नव्हे' हे शब्द आले आहेत. शब्द बदलले, पण दार तेच आहे.

आता माध्यमांकडे वळू. कोकणाविषयी वर्षानुवर्षे एक वाक्प्रचार वृत्तपत्रांतून, भाषणांतून फिरत आला आहे : कोकण मनीऑर्डरवर जगते. मुंबईत खपणाऱ्या चाकरमान्याचे कष्ट खरेच होते, त्याबद्दल वाद नाही. पण घरी राहून शेत लावणारी, कापणी-झोडणी करणारी, जळण आणणारी, गुरे राखणारी, म्हातारी माणसे आणि पोरे सांभाळणारी कोण होती? मनीऑर्डरची पावती होती म्हणून ती मोजली गेली. बाईच्या कष्टाला पावती नव्हती म्हणून ते मोजलेच गेले नाहीत. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि कित्येक घरांच्या मनीऑर्डरी थांबल्या. ती घरे पुढे कोणाच्या हातांवर उभी राहिली, हे आपणा सर्वांस ठाऊक आहे. एक छापील वाक्प्रचार अर्ध्या कोकणाचे श्रम कसे दिसेनासे करतो, याचे याहून स्पष्ट उदाहरण नाही.

पावसाळा आला की वृत्तपत्रांत हिरव्या शेतात ओळीने वाकलेल्या स्त्रियांचे रंगीत छायाचित्र येते. खाली मजकूर असतो निसर्गाच्या सौंदर्याचा. तिला आज काय मिळाले, हे त्यात नसते. जाहिरातीत कपडे, भांडी, स्वयंपाक बाईच करते आणि ती हसत असते. मालिकांत तिची भांडणे दिसतात, दागिने दिसतात. तिचे मजुरीचे पाकीट क्वचितच दिसते. असे रोज पाहिल्यावर मनात नकळत बसते की, बाईचे श्रम म्हणजे माया आणि पुरुषाचे श्रम म्हणजे काम. मायेला कोण मोल देतो? दुःखाची गोष्ट ही की, असे मानणाऱ्यांत बाईही असते. ती स्वतःच म्हणते, "मी काही करत नाही, घरीच असते."

ताजे उदाहरण घ्या. २०२४ साली राज्यात 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजना सुरू झाली आणि पात्र भगिनींना महिना १,५०० रुपये मिळू लागले. या रकमेवर वृत्तपत्रांत आणि वाहिन्यांवर महिनोन्महिने चर्चा झाली. तिजोरीवरचा भार, फुकटची सवय, मतांचे राजकारण, सर्व बाजूंनी बोलून झाले. ती चर्चा व्हावी, त्यास आमची हरकत नाही. पण एक साधा हिशोब करू. समजा, गड्याच्या आणि बाईच्या मजुरीत रोजचा १०० रुपयांचा फरक आहे आणि ती महिन्यात २५ दिवस कामावर जाते. म्हणजे तिच्या घामाचे २,५०० रुपये दरमहा तिच्या हाती येतच नाहीत. वर्षाचे ३०,००० झाले. सरकारने तिला दिलेल्या १,५०० ची बातमी होते. तिच्याकडून राहून गेलेल्या २,५०० ची बातमी होत नाही. देणे दिसते, घेणे दिसत नाही. बातमी खोटी असण्याची गरजच नाही. काय सांगायचे आणि काय सांगायचे नाही, यातूनच लोकमत घडते.

खरी बातमीसुद्धा पूर्ण वाचावी लागते. ऑक्टोबर २०२२ मध्ये क्रिकेट नियामक मंडळाने स्त्री व पुरुष खेळाडूंना सामन्याचे मानधन समान केले : कसोटीस १५ लाख, एकदिवसीय सामन्यास ६ लाख, वीस षटकांच्या सामन्यास ३ लाख रुपये. निर्णय स्वागतार्हच होता आणि त्याचा गाजावाजाही झाला. परंतु त्या वेळी वार्षिक कराराची पुरुषांची सर्वोच्च श्रेणी ७ कोटींची होती आणि स्त्रियांची ५० लाखांची. मथळा वाचणाऱ्यास समता आली असे वाटले. आतला आकडा वाचणाऱ्यास ती किती दूर आहे ते कळले. विद्यार्थी मित्रांनी हा फरक ध्यानात ठेवावा.

भगवान बुद्धांनी केसपुत्त नगरीच्या कालामांना हेच शिकविले. ऐकीव आहे म्हणून, परंपरेने चालत आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा सांगणारा थोर आहे म्हणून एखादी गोष्ट मानू नका; ती हिताची की अहिताची, हे स्वतः पारखा. मोबाईलवर आलेला संदेश पुढे ढकलण्यापूर्वी कालामसुत्ताची आठवण झाली, तरी पुष्कळ काम होईल.

आपली परंपरा केवळ पारखण्याची नाही, स्वतः लिहिण्याचीही आहे. याच जिल्ह्यातील दापोलीस राहिलेले निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकर यांनी १८८८ साली 'विटाळ विध्वंसन' ही पुस्तिका काढून सनातन्यांस प्रश्न विचारले आणि 'दीनबंधू'तून लेखन केले. त्या 'दीनबंधू'च्या संपादिका म्हणून पुढे तानुबाई बिर्जे यांनी काम पाहिले. ३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी 'मूकनायक' सुरू केले, ते इतरांच्या पत्रांत आपल्या दुःखास जागा नव्हती म्हणून. पुढे 'बहिष्कृत भारत' (१९२७), 'जनता' (१९३०) आणि 'प्रबुद्ध भारत' (१९५६) निघाले. ज्याची व्यथा छापली जात नाही त्याने स्वतः छापावे, हा त्यातील धडा आहे.

वेतनाच्या प्रश्नावरही बाबासाहेबांचे ऋण मोठे आहे. १९२८ साली मुंबई विधिमंडळात त्यांनी प्रसूती लाभ विधेयकास पाठिंबा दिला. मजूरमंत्री असताना ८ फेब्रुवारी १९४४ रोजी कोळसा खाणींतील स्त्रियांविषयीच्या चर्चेत, स्त्री-पुरुष भेद न करता समान कामास समान वेतन हे तत्त्व प्रथमच एका उद्योगात मान्य झाल्याचे त्यांनी सभागृहात सांगितले. संविधानाच्या ३९ व्या अनुच्छेदात ते तत्त्व आले. सप्टेंबर १९७५ मध्ये समान वेतनाचा अध्यादेश निघाला व १९७६ मध्ये कायदा झाला. आता ती तरतूद वेतन संहितेत आली असून ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आहे.

कायदा आपोआप चालत नाही, तो चालवावा लागतो. मुंबईतील मॅकिनन मॅकेन्झी कंपनीत ऑड्री डिकोस्टा या लघुलेखिका होत्या. तेच काम करणाऱ्या पुरुषांना जास्त पगार होता. नोकरी गेल्यावर त्यांनी दाद मागितली. युनियनशी करार झाला आहे, कंपनीची आर्थिक स्थिती नाही, अशी कारणे पुढे आली. १९८७ साली सर्वोच्च न्यायालयाने ती मानली नाहीत. मालकाची ऐपत नाही म्हणून समान वेतन टळत नाही आणि युनियनने सही केली म्हणून विषमता न्याय्य ठरत नाही, हे एका स्त्रीच्या चिकाटीने सिद्ध झाले.

तेव्हा आपण काय करावयाचे? पहिले, आपल्या घरापासून सुरुवात. विहाराचे बांधकाम असो, संस्थेचा कार्यक्रम असो, तेथे मजुरीवर येणाऱ्या बाईला आणि गड्याला सारख्या कामाचा सारखाच दर असावा. विहारात समतेवर व्याख्यान आणि विहाराच्या भिंतीसाठी चिरे वाहणाऱ्या बाईला कमी मजुरी, हे शोभणारे नाही. दुसरे, विद्यार्थ्यांनी एक वही घालावी. प्रत्येक हंगामात आपापल्या वाडीत कोणते काम, किती तास, गड्याला किती, बाईला किती, हे लिहून ठेवावे. शेजारच्या पानावर महिन्याभराच्या वृत्तपत्रांत स्त्रियांच्या मजुरीविषयी किती ओळी आल्या ते लिहावे. ती वही पुढील वर्षी याच स्मरणिकेत छापावी आणि वृत्तपत्रांकडेही पाठवावी. तिसरे, ठेकेदाराकडे काम करणाऱ्या भगिनींनी पगारपत्रक मागावे, आपण कोणत्या वर्गवारीत आहोत हे विचारावे आणि फरक आढळल्यास एकट्याने नव्हे, संघटित होऊन कामगार कार्यालयाकडे लेखी तक्रार करावी. संस्थेने अर्ज लिहून देण्यास माणूस द्यावा.

बाबासाहेबांनी 'शिका, संघटित व्हा, संघर्ष करा' असे सांगितले. वर्तमानपत्र वाचता येणे हे शिक्षण खरे. पण त्यात आपली आई, बहीण, पत्नी कोठे आहे आणि का नाही, हे विचारता येणे हे त्यापुढचे शिक्षण आहे. ते आपल्या मुला-मुलींना मिळो, अशी सदिच्छा व्यक्त करून आम्ही आमचे विचार येथेच थांबवितो.

जय भीम! नमो बुद्धाय!